रंधा: खरवडून येणारी सपाटी

इराणी स्वयंपाकघरात गाजर किसायच्या किसणीला ‘रंदे’ म्हणतात. तिथला सुतार ज्या हत्यारानं फळी साफ करतो, त्याचंही नाव ‘रंदे’च. तुर्की भाषेत गेलात तर तिथंही ‘रेंदे’ या एकाच शब्दाखाली किसणी आणि सुताराचं हत्यार गुण्यागोविंदानं नांदताना दिसतात. फारसीत ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणं, घासून-तासून काढणं. आपला रंधा त्याच घरातला. हिंदीत तो ‘रंदा’ राहिला, मराठीनं द चा ध केला, आणि मग तो इतका आपला झाला की त्याचं ‘रंध्र’ या संस्कृत शब्दाशी काही नातं असेल असं वाटावं. ते नाही. रंध्र म्हणजे छिद्र. रंध्याचं काम छिद्र पाडण्याचं नव्हे.

लाकूड सपाट करणाऱ्या या हत्याराला नाव देताना माणसांनी दोन वाटा धरलेल्या दिसतात. इंग्रजीतला ‘प्लेन’ हा लॅटिन ‘प्लानुस’वरून आला, म्हणजे सपाट. काम झाल्यावर जे हाती येतं त्याचं ते नाव आहे. त्यामुळे इंग्रजीत सुताराचं हत्यारही प्लेन आणि भूमितीतला तो अमर्याद पसरलेला, जाडी नसलेला पृष्ठभागही प्लेन. मराठीनं हा गोंधळ ठेवलेला नाही. शाळेच्या भूमितीत आपण ‘प्रतल’ शिकतो आणि सुताराकडे रंधा बघतो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. फारसी-मराठी नाव परिणामाबद्दल काही बोलतच नाही. ते फक्त कृती सांगतं: खरवडणं. सपाटी येईल की नाही, हे नाव सांगत नाही. ती खरवडणाऱ्याच्या हातात आहे.

मला हे नाव जास्त खरं वाटतं. का, ते सांगण्यासाठी लाकडाकडून लोखंडाकडे जावं लागेल. पण आधी लाकूड.

आमच्या घरी दारं-खिडक्यांच्या कामाला एक सुतारमामा येत. त्यांच्या पिशवीतल्या हत्यारांची नावं मला तेव्हापासून पाठ आहेत, आणि पुढं शब्दांचा नाद लागल्यावर त्या पिशवीचं खरं वजन कळलं. काटकोन तपासायचा गुण्या हा फारसी ‘गुनिया’, आणि तो फारसीत आला ग्रीक ‘गोनिया’वरून, म्हणजे कोन. ओळंबा हा संस्कृत ‘अवलंब’, लोंबणारा. ताशणं या क्रियापदाच्या मुळाशी ‘तक्ष्’ हा धातू. वेदांत सुताराला ‘तक्षन्’ म्हणतात आणि ग्रीकांचा ‘टेक्टोन’ त्याचाच चुलतभाऊ. आणि ज्यांना आपण मेस्त्री म्हणतो ते पोर्तुगीज ‘मेस्त्रे’. किनाऱ्यावरून, दख्खनच्या दरबारांतून, जुन्या वेदभाषेतून आलेले हे शब्द एकाच कळकट किलतानी पिशवीत होते आणि सुतारमामांना त्यातला कुठलाच परका नव्हता.

शब्द फारसी आहे म्हणून हत्यारही तिकडूनच आलं असा निष्कर्ष मात्र काढू नये. वस्तू आधी असते आणि तिला नवं नाव चिकटतं, असं भाषेत कायम होतं. रंधा जगात खूप जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पे शहरात रंधे सापडलेत, आणि रोमन रंध्याची रचना आजच्या सुताराला समजावून सांगावी लागणार नाही: ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं पातं, पातं आवळणारी पाचर. रोमन लोक त्याला ‘रुंकिना’ म्हणत. ‘प्लाना’ हे नाव मागाहूनचं. त्याआधीच्या इजिप्तमध्ये रंधा नव्हता. फॅरोंच्या थडग्यांतलं ते देखणं फर्निचर वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं, तासून आणि वालुकाश्मानं घासून केलेलं आहे.

वाकस आणि रंधा यांत फरक काय? दोन्ही लाकूड छिलतात. पण वाकसाला आपण जिथं मारू तिथं तो खातो. त्याला फळीबद्दल काही माहीत नसतं. रंध्याला असतं, कारण त्याला तळ आहे. पातं तळाच्या बाहेर केसभरच डोकावतं आणि तळ फळीवर टेकलेला असतो. फळीवर दोन उंचवटे असतील आणि मध्ये खळगा, तर लांब रंधा त्या दोन उंचवट्यांवर पुलासारखा टेकतो. पातं खळग्यापर्यंत पोचतच नाही. उंचवटे तेवढे कापले जातात. म्हणून पहिल्या फटकाऱ्यांना तुटक, आखूड छिलके निघतात. उंचवटे खाली येत जातात तसे छिलके लांब होतात आणि शेवटी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड, पारदर्शक वाटावी अशी पट्टी निघून येते. ती निघाली की सुतारमामा फळीकडे बघायचेही नाहीत. छिलक्यानंच सांगितलेलं असायचं.

आखूड रंध्याला हे जमत नाही. तो खळग्यात उतरतो, उंचवट्यावर चढतो आणि फळी गुळगुळीत करतो, पण सपाट करत नाही. गुळगुळीत आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाला गुळगुळीतपणा लगेच कळतो. सपाटी बोटाला कळत नाही. त्यासाठी सुतारमामा फळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटत आणि कडेवरून नजर सोडत. बाक नजरेला दिसतो. पीळ त्याहून लबाड. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या माथ्यावरून दुसरीचा माथा बघायचा. दोन्ही एका रेषेत दिसल्या नाहीत तर फळीत पीळ आहे.

जाता जाता, गवंड्याकडेही एक रंधा असतो. प्लास्टर ओलं असताना गोल गोल फिरवतात तो लाकडी रंधा. त्याला पातं नाही, फक्त तळ आहे. खरवडण्याचं नाव तेवढं त्याच्याकडे राहिलं.

आता मूळ प्रश्न. रंधा फळी सपाट करतो, कारण त्याचा तळ सपाट आहे. मग तळ कुणी सपाट केला? दुसऱ्या रंध्यानं. आणि त्याचा? प्रत्येक सपाट वस्तू आधीच्या एखाद्या सपाट वस्तूकडून सपाटी उसनी घेत असेल, तर मागं मागं जात पहिली सपाट वस्तू कुठली?

पाणी, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पाणसळ, लेव्हल ट्यूब, शांत तळं. पण पाणी समतल असतं, सपाट नसतं. पाण्याचा पृष्ठभाग पृथ्वीच्या गोलाईनं वाकलेला असतो. एक किलोमीटर लांबीचं निश्चल पाणी घेतलं तर त्याचा मध्य दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा जवळजवळ २ सेंटिमीटर वर असतो. मीटरभर लांबीत हा फुगवटा ०.०२ मायक्रॉनएवढाच उरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे वर्कशॉपात त्याची चिंता नको. पण पाण्यावर रंध्याचा तळ किंवा लोखंडी प्लेट घासून बघता येत नाही, हीच मोठी अडचण. अभ्रकाचा पापुद्रा सुटतो तेव्हा निसर्ग अक्षरशः अणूंच्या थरापर्यंत सपाट पृष्ठभाग देतो, पण तो पापुद्रा लवचीक असतो, त्याचा आधार घेता येत नाही. कामाला येईल अशी पहिली सपाट वस्तू माणसाला स्वतःच करावी लागली, आणि तीही सपाट वस्तू हाताशी नसताना.

हे कसं केलं, याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडतं. १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या सभेत जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या छत्तीस वर्षांच्या मँचेस्टरच्या कारखानदारानं धातूच्या सपाट पृष्ठभागांवर एक निबंध वाचला. जुन्या फिटरांना हे नाव आट्यांमुळे माहीत असतं. बोल्टांच्या आट्यांचं पहिलं राष्ट्रीय प्रमाण याच माणसानं १८४१ मध्ये सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं, आणि आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी यंत्रांवर ते व्हिटवर्थ आटे आजही भेटतात. पण आटे सुचवण्याआधी त्यानं सपाटी घेतली होती, आणि माझ्या मते तेच त्याचं मोठं काम.

लोखंडाचं सपाटीकरण तोवर कसं चाले? छिन्नी, हातोडा, कानस. १८१७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्सनं धातूवर चालणारं प्लेनिंग यंत्र केलं. सुताराच्या हत्याराचं नाव असं लोखंडाकडे गेलं, आणि आपल्या कारखान्यांत ते ‘प्लेनर’ म्हणून आलं. यंत्रानंतर शेवटचा हात म्हणून दोन पृष्ठभागांमध्ये एमरीची, म्हणजे घासायच्या कठीण खनिजाची, पूड घालून ते एकमेकांवर घासत. व्हिटवर्थनं याच घासण्यावर बोट ठेवलं. पूड सगळीकडे सारखी पसरत नाही. कडांना ताजी पूड जास्त मिळते, मधे ती बोथट होत जाते. कुठं किती लोखंड निघेल हे कारागिराच्या हातात राहत नाही. दिसायला चकचकीत, पण खोटं. त्यानं सांगितलं, घासू नका, खरवडा. कडक पोलादी खरवडणीनं जिथं उंच आहे तिथंच खरवडा आणि बाकीच्याला हात लावू नका.

रंध्याला रंधा म्हणणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

उंच कुठं आहे हे कळायचं कसं? एका पृष्ठभागाला तेलात कालवलेल्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि दुसरा त्यावर ठेवून हलकेच सरकवायचा. जिथं दोघं टेकतात तिथं रंग लागतो. रंग लागलेला ठिपका म्हणजे उंचवटा. तो खरवडायचा, पुसायचं, पुन्हा रंग, पुन्हा ठेवायचं. सुरुवातीला तीन-चार मोठे डाग पडतात, मग त्यांचे अनेक होतात, मग बारीक ठिपक्यांनी सगळा पृष्ठभाग भरून जातो. आता हा रंग बहुधा प्रशियन ब्लू असतो, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला निळा. म्हणून आपल्याकडे कारखान्यात याला ‘ब्लू मॅचिंग’ म्हणतात.

पण दोन पृष्ठभाग एकमेकांशी जुळले म्हणजे ते सपाट झाले असं नाही. एक थोडा फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असेल, तरी ते तंतोतंत जुळतील आणि निळे ठिपके सगळीकडे पडतील. दोघं मिळून खोटं बोलू शकतात. म्हणून तिसरा लागतो. अ, ब आणि क अशा तीन प्लेट्स घ्या. अ फुगीर असेल तर तिच्याशी जुळवलेली ब खोलगट झाली, आणि तिच्याशीच जुळवलेली क सुद्धा खोलगट झाली. आता ब आणि क समोरासमोर ठेवा. दोन खोलगट पृष्ठभाग फक्त कडांना टेकतात आणि निळ्यानं चहाडी केलीच. दोघांच्या कडा निम्म्या-निम्म्या खरवडा, आणि मग पुन्हा अ कडे या. फेरीगणिक चूक लहान होत जाते. तिन्ही प्लेट्स जोडीजोडीनं एकमेकींशी जुळतात तेव्हा फुगवट्याला जागाच उरत नाही, कारण जी वस्तू फुगीराशीही जुळते आणि खोलगटाशीही, ती दोन्ही नसलेलीच असायला हवी.

एक चोरवाट तरीही राहते, आणि मला ती या पद्धतीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. तिन्ही प्लेट्सना एकाच अंगाचा, सारखाच पीळ असेल तर? समोरासमोर ठेवल्यावर पिळलेल्या प्लेट्स एकमेकींत चपखल बसतात, तिन्ही जोड्या जुळतात आणि तरीही एकही प्लेट सपाट नसते. सुतारमामांच्या दोन पट्ट्यांनी पकडला जाणारा तोच लबाड पीळ. उपाय सोपा: एक प्लेट काटकोनात फिरवून ठेवायची. पीळ असेल तर आता उंच कोपऱ्यासमोर उंच कोपरा येतो आणि बिंग फुटतं. म्हणून प्लेट्स चौकोनी घेतात आणि ठेवताना फिरवत राहतात.

ही तीन प्लेट्सची युक्ती व्हिटवर्थची स्वतःची, की तो तरुणपणी लंडनला हेन्री मॉड्स्लीच्या कारखान्यात होता तिथून त्यानं ती उचलली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मॉड्स्लीकडे कामगारांच्या बाकावर तपासणीच्या प्लेट्स असत हे खरं. पण ते ज्ञान कारखान्याच्या भिंतींबाहेर आणून, सभेत उभं राहून, असं करा म्हणून सगळ्यांना सांगणारा व्हिटवर्थ होता. एक पृष्ठभाग खरा झाला की त्यावरून सरळ पट्टी करता येते, त्यावरून काटकोन, त्यावरून लेथचा, म्हणजे धातूचा दांडा फिरवत तासणाऱ्या यंत्राचा, बेड, त्या लेथवर आटे, त्या आट्यांतून मोजमापाची यंत्रं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यानं इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र मांडलं. त्याच्या पायाशी तीन बिडाच्या प्लेट्स आणि खरवडणी होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामांचं छोटं वर्कशॉप होतं. जुने लेथ घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. आपल्याकडे लेथ बनू लागले ते दोन नावांनी ओळखले जात: हरिहरला १९४१ मध्ये सुरू झालेली म्हैसूर किर्लोस्कर, आणि १९५३ मध्ये बंगळूरला स्थापन झालेली एचएमटी. मामांकडे येणारे लेथ वर्षानुवर्षं राबून आलेले असत. लेथचा बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. दांडा पकडणाऱ्या चकजवळच्या हातभर भागात जास्त काम चालतं, तिथंच तो जास्त खातो. मग कापायचं हत्यार घेऊन त्यावरून सरकणारं सॅडल तिथं खाली बसतं आणि दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो.

मामा बेड ग्राइंडिंगला पाठवत, पण सॅडलचा तळ हातानं स्क्रेप करत, म्हणजे खरवडत. मी विचारलं होतं, मामा, हे पण ग्राइंडिंगला का देत नाही? ते म्हणाले, “आरं, ग्राइंडरनं चकाचक केलं तर तेल कुठं थांबणार? आनि दोन चकाचक एकावर एक बसले की चिकटून बसत्यात.” मग निळं लावलेल्या बेडवरून सॅडल सरकवून त्यांनी ते उलटं केलं आणि म्हणाले, “बघ, कुठं लागलंय? तेवढंच काढायचं. बाकी लोखंड आपलं न्हवं.”

त्यांच्या पहिल्या वाक्यात पक्कं विज्ञान आहे. खरवडलेल्या पृष्ठभागावर असंख्य टेकणारे ठिपके असतात आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रॉन खोल पसरट खळगे. ठिपक्यांवर भार पेलला जातो, खळग्यांत तेल राहतं. एका चौरस इंचात किती ठिपके, यावर कामाचा दर्जा ठरतो. सरकत्या भागाला साधारण दहा ते वीस पुरतात, तपासणीच्या प्लेटला त्याहून दाट लागतात. खरवडणीचा एक हलका फटकारा दोन-चार मायक्रॉनच काढतो. आणि अती गुळगुळीत, अती सपाट पोलाद एकमेकांना खरंच चिकटतं. स्वीडनच्या योहान्सनने १८९६ मध्ये कल्पिलेले मापाचे ठोकळे याच गुणावर चालतात. स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की ते गोंदाशिवाय जुळून राहतात. ठोकळ्यांसाठी हे वरदान, लेथसाठी शाप. हे ठोकळे मात्र खरवडून नव्हे, लॅपिंगनं, बारीक पुडीनंच होतात. व्हिटवर्थनं नाकारलेली पूड पुढं माणसानं वठणीवर आणली, हेही नोंदवायला हवं.

तपासणीच्या बिडाच्या प्लेटची, सरफेस प्लेटची, जागा आता बऱ्याच ठिकाणी काळ्या ग्रॅनाइटनं घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ही चाल सुरू झाली. दगड गंजत नाही. आणि बिडावर काही आपटलं तर खड्ड्याभोवती धातू वर उठतो, उंचवटा होतो. दगडाचा टवका उडतो, खड्डा राहतो, पण वर काही येत नाही. तपासणीच्या प्लेटला खड्डा चालतो, उंचवटा चालत नाही. तरीही महागड्या यंत्रांचे सरकते भाग जपानपासून जर्मनीपर्यंत कितीतरी कारखाने आजही माणसाकडून खरवडून घेतात.

रंधा मात्र अजून लाकडाचाच, निदान सुतारमामांचा. त्यांचा मुलगा आता काम बघतो. इलेक्ट्रिक रंधा आला, प्लायवूड आलं, पण सागाच्या दाराची कड बसवताना तो वडिलांचाच रंधा काढतो. लाकडी तळ झिजतो, पावसाळ्यात फुगतो, त्यामुळे अधूनमधून तोही सरळ करावा लागतो. त्यासाठी त्याच्याकडे जाड काचेचा तुकडा आहे. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत थिजलेली असते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. म्हणजे समतल पण हाताला न लागणारं ते द्रव अखेर सुताराच्या बाकावर आलंच, काचेच्या रूपानं.

तो काचेवर पॉलिश पेपर चिकटवतो, पातं आत ओढून घेतो पण पाचर आवळलेलीच ठेवतो, कारण पाचर सैल केली की ठोकळ्यावरचा ताण जातो आणि तळ वेगळाच आकार घेतो. मग तळावर पेन्सिलीनं तिरक्या रेघा ओढतो आणि रंधा कागदावर पुढं-मागं घासतो. उंच भागावरच्या रेघा आधी पुसल्या जातात, खळग्यातल्या राहतात. मागच्या टोकाला थोड्या रेघा राहिल्या तर तो सोडून देतो. पण पात्याच्या तोंडाच्या लगेच पुढची पट्टी, दोन बोटं रुंदीची, ती पूर्ण कोरी होईपर्यंत तो थांबत नाही. पातं लाकडात शिरण्याआधी तिथले लाकडाचे तंतू दाबून धरायचं काम त्या पट्टीचं असतं. ती खोल राहिली तर लाकूड कापलं जाण्याआधी उचकटतं आणि सागावर खरचटे उठतात.